शोभेचा ओव्हन

प्रिय शौनक,

मोबाईलवर लिहिलं असतं तर तू अंगठा पाठवून मोकळा झाला असतास, म्हणून कागदावर लिहिते आहे. गोरखच्या टेम्पोतून वेल्ह्याला तुझ्या केंद्राची भाजी जाते, त्याच्याच हाती हे देते. एका जागी बसून सगळं वाच.

तुझ्या पर्यटन केंद्राच्या उद्घाटनाला मी गप्प होते, ती प्रवासाने दमले म्हणून नव्हे. मला शिसारी आली होती. पाटीवर 'आजीचं स्वयंपाकघर' आणि आत आजीची एक वस्तू धड चालेल तर शपथ. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. गोल कोपऱ्यांच्या जुन्या फ्रीजमध्ये पाहुण्यांच्या चपला. पितळी स्टोव्हच्या टाकीला भोक पाडून त्यात मनीप्लँट. ज्या मिक्सरच्या भांड्यात कुणीतरी जन्मभर चटणी वाटली असेल, ते बेसिनवर साबणाचं पाणी भरून ठेवलेलं. चंद्राबाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या आणि लोक त्यांचे फोटो काढत होते. मला हळूच म्हणाल्या, "माज्या घरी ग्यास हाय, बाई. हितं धूर खायाचा पगार मिळतो." मी हसले, पण हातातली भाकरी परत ताटात ठेवली.

आणि फळीवर तो गोल ओव्हन. आपल्या घरच्यासारखाच, त्याच मापाचा, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काच. आत काही भाजतंय असं वाटावं म्हणून काचेमागे तू लाल दिवा लावला होतास. बायका त्याच्याशेजारी उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या.

घरचा ओव्हन तुला आठवतो का? बाबांना आता नावं सापडत नाहीत. मला कधी त्यांची बहीण समजून सरोज म्हणतात, कधी नुसतंच 'अहो बाई'. पण रविवारी परातीत तूप-साखर घेऊन बसले की हाताला सगळं आठवतं. तळहाताने फेसत राहतात, पाण्याच्या वाटीत जरासं टाकून तरंगतं का बघतात, ओव्हनची पिन स्वतः लावतात आणि काचेशी उभे राहतात. बटणं नाहीत, आकडे नाहीत. वास आला की पिन काढायची. एके काळी आपल्या अख्ख्या आळीची दिवाळीची नानकटाई त्यांच्या हातची असायची. तू आणून दिलेला नवा ओव्हन वाईट नाही रे, पण तो पीं पीं करतो आणि बाबा दार उघडायला जातात. कोण आलंय म्हणून रस्त्याकडे बघत राहतात. मला ते बघवत नाही.

दिवाळीनंतर आपल्या ओव्हनची प्लेट तडकली, म्हणजे जिच्या खाचांत कॉइल बसते ती चिनीमातीची थाळी. कॉइल कुठेही मिळते, पण त्या मापाची प्लेट आता कुणी बनवत नाही. भोरची दुकानं पालथी घातली, पुण्याचा जुना बाजार झाला, साताऱ्याचा एक जण माळ्यावर बघतो म्हणाला आणि नंतर त्याने फोनच उचलला नाही. सगळ्यांचं एकच, काकू, नवीन घ्या. त्या वाक्याचाही मला वीट आला. बाबा मात्र रविवारी कॉइल काढलेल्या थंड ओव्हनची पिन लावून काचेशी उभे राहायचे आणि वासाची वाट बघायचे.

उद्घाटनाहून आले आणि प्लेट बसवली. आपल्या ओव्हनचे स्क्रू गंजले होते, खोबरेल तेल सोडून सोडून फिरवले. रविवारी घरभर वास सुटला. बाबांनी पिन अगदी वेळेवर काढली, पहिली नानकटाई बशीत ठेवली आणि म्हणाले, "ही शौनकला. गरम खाऊ नको म्हणावं." तुझं नाव, न अडखळता. त्याच क्षणी तुला फोन करणार होते.

पण तेवढ्यात गोरख आला. म्हणाला, "काकू, मालकांनी चंद्राबाईला कामावरनं काढलं. त्या गोल भट्टीतलं सामान तिनं भंगारात इकलं म्हणत्यात. बाई देवाची आण घेती, पर ऐकतंय कोण." दिवा लागेना म्हणून तू झाकण उघडलंस, आत प्लेट नाही, आणि तुझी नजर थेट चुलीकडे गेली. माझ्याकडे का नाही आली? जेवणं झाल्यावर मी तिथेच रेंगाळत होते. पेरू कापायचा आहे असं सांगून चंद्राबाईंकडून सुरी मागून घेतली, त्या सुरीने स्क्रू फिरवून मीच प्लेट काढली आणि पदराआडून पिशवीत घातली. तुझ्याकडे मागितली असती तर तू डिस्प्ले बिघडेल म्हणाला असतास, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस. त्या चपला बघून आली नव्हती इतकी शिसारी मला आता तुझी आली आहे. हे वाचून झालं की चंद्राबाईंच्या घरी जा. त्यांची माणसं घरात असताना, सगळ्यांसमोर सांग की चोर माझी आई आहे. हेच शब्द. सोबतचा नानकटाईचा डबा त्यांच्यासाठी आहे, तो त्यांच्या हातात दे. तुझी नानकटाई इथे बशीत झाकून ठेवली आहे. चंद्राबाई कामावर परत आल्या असं गोरख सांगेल, त्या दिवशी ये आणि खा.

अजून तरी तुझीच,
आई