अडतिसाव्या झाडाची पाटी

कानाझावा, २४ एप्रिल

प्रिय सेइगो,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू चार दिवस तसंच टेबलावर ठेवशील, म्हणून आधीच सांगते: बाबा बरे आहेत, कुणी गेलेलं नाही. आता बस आणि वाच. मला वेळ नाही आणि झाडाला माझ्याहूनही कमी आहे.

आपल्या आळीच्या मंडळाने बाबांच्या वहीतल्या एकेचाळीस साकुराच्या झाडांवर लाकडी पाट्या लावायचं ठरवलंय. ती वही तू विसरला नसशील. टपालाची पिशवी खांद्याला लावून फिरताना बाबांनी तीस वर्षांत गावातलं एकेक वेगळं झाड हेरलं, नाव शोधलं आणि आकडा घालून लिहून ठेवलं. आता काचबिंदूने त्यांचे डोळे गेलेत. ते नावं सांगतात आणि मंडळाचे किताडेकाका ब्रशने पाट्या लिहितात. सदतीस, इचियो. अडतीस, इचियो. तिथे मी काकांचा हात धरला. म्हटलं, ही नका लिहू. बाबांचा चेहरा असा उतरला की मी जणू तुझं नाव घेतलं. बावीस वर्षांत त्यांच्यासमोर कुणी ते घेतलेलं नाही, तेव्हा घेतल्यासारखंच झालं म्हण. काका म्हणाले, "कायोको, तू आपली बस चालव, झाडांचं तुझ्या बापाला बघू दे." मी म्हटलं, बाकीची सगळी झाडं तपासते आणि मग अडतिसावं. चूक निघाली नाही तर पाटी मी स्वतः ठोकेन. ते नाव एकदा लाकडावर चढलं की तू कायमचा खोटा ठरलास, आणि ते मी होऊ देणार नव्हते.

बाकीची कशाला, असं तू विचारशील. कारण एकच चूक घेऊन गेले असते, तर म्हाताऱ्याला वाटलं असतं की आपली अख्खी वहीच कुचकामी. म्हणून रोज ड्युटीच्या आधी भिंग आणि वही घेऊन सायकलवर. किल्ल्यामागचं एदोहिगान सगळ्यांत आधी: फुलाखालची कुपी लोणच्याच्या बरणीसारखी पोटाशी फुगलेली, देठावर लव. बरोबर. शाळेजवळचं ओशिमा: पांढरं फूल, सोबत हिरवी पालवी, आणि तांदळाची गोड मोची गुंडाळतो त्या पानांचा वास. बरोबर. देवळामागचं उकोन ढगाळ दिवशी पांढरंच दिसतं, तीन वेळा गेले तेव्हा कुठे तो पिवळेपणा कबूल केला. सिग्नलला बस थांबली तरी माझी मान बाहेर. मागच्या सीटवरच्या आजी एकदा म्हणाल्या, "चालकबाई, दिवा हिरवा झालाय हो. तुमचं झाड काही हिरवं होणार नाही इतक्यात." सगळी बस हसली. हसू दे. एकोणचाळीस तपासली आणि एकोणचाळीस बरोबर निघाली. उरलेलं एक झाड मे लागल्यावर फुलतं, पण त्याची मला काळजी नाही. वही मिटली तेव्हा माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

आता अडतिसावं. बालवाडीमागच्या कालव्याकाठी ती दोन झाडं शेजारीशेजारी, दोन्ही दाट पाकळ्यांची. बाबांचा नियम तुला पाठ आहे: फांदीला हात लावायचा नाही, खाली पडलेलं फूल उचलून बघायचं. त्या दिवशी त्यांनी झाडाखालचं फूल उचललं, मधोमध एकच इवलं हिरवं पान होतं, म्हणून इचियो. तू एकोणीस वर्षांचा, हट्टाला पेटलेला. म्हणालास, "बाबा, खालचं फूल या झाडाचं नाहीच. वर बघा, पालवी तांबूस आहे, आणि मधे दोन पानं आहेत वाकलेली, फुगेन बोधिसत्त्वाच्या हत्तीच्या सुळ्यांसारखी. हे फुगेन्झो आहे." आणि हात वर करून फूल तोडलंस, त्यांच्या नाकासमोर धरलंस. सगळं मंडळ उभं होतं. बाबांनी तुटलेलं देठ पाहिलं आणि म्हणाले, "चोराच्या हातातलं फूल मी बघत नाही." त्या संध्याकाळी तू जो गेलास तो थेट उत्तरेला, थंडीतल्या कुशिरोला. त्या झाडाकडे बाबाही पुन्हा फिरकले नाहीत.

या एकोणीस तारखेला मी तिथे भाताच्या दोन ओनिगिरी आणि थर्मास घेऊन बसले. सदतिसावं गळत होतं, अडतिसावं नुकतं भरात आलं होतं. चिमण्या सदतिसाव्यावर बसून मधासाठी फुलं अख्खीच्या अख्खी खुडत होत्या, कालव्यावरचा वारा ती ढकलत नेत होता आणि सगळी अडतिसाव्याच्या वर आलेल्या मुळांपाशी येऊन अडकत होती. मी तिथली वीस उचलली. वीसच्या वीस एका पानाची. बाबांनी नियम पाळला आणि नियमानेच त्यांना फसवलं. मग मी उठले आणि वर्दीवरच, हातमोजे काढून, अडतिसाव्याची दहा फुलं तोडली. किताडेकाकांनी पाहिलं असतं तर आळीतून काढलं असतं मला.

घरी येऊन ती बाबांच्या हातात दिली. त्यांनी आधी देठ चाचपलं. "तोडलंस?" म्हणाले. मी म्हटलं, "हो, दहा तोडली, ओरडायचं ते नंतर ओरडा. आधी मधे बोट घाला." कितीतरी वेळ त्यांचं बोट तिथेच फिरत होतं. मग म्हणाले, "दुसरं दे." मग तिसरं. दहाही झाली, तरी मला वाटलं ते काहीतरी खोट काढतील. पण त्यांनी दहाही फुलं मांडीवर ओळीने लावली आणि विचारलं, "सेइगोच्या हातात होतं ते असंच होतं का?" बावीस वर्षांनी, सेइगो, तुझं नाव त्यांच्या तोंडून.

त्यांना मी जे उत्तर दिलं, ते तुला सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं. मी म्हटलं, "असंच होतं. मी पाहिलं होतं." तू फूल धरलंस तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभी होते. चोवीस वर्षांची घोडी, दोन पानं मला स्वच्छ दिसली आणि मी तोंड उघडलं नाही. बाबांचा राग तुझ्यावर निघतोय तर आपल्यावर नको, एवढाच विचार. तू फाटकातून बाहेर पडताना माझ्याकडे पाहिलंस आणि मी चपला नीट लावत बसले. माफ कर म्हणायला तोंड नाही, तरी म्हणते. माझं ऐकून बाबांनी मांडीवरची फुलं ओंजळीत गोळा केली. मग म्हणाले, "त्याला कळव. त्या दिवशी मी देठ बघितलं, फूल बघितलंच नाही." अडतिसावी पाटी कोरी ठेवली आहे, ज्याने ओळखलं त्यानेच लिहायची, असं त्यांनी मंडळाला बजावलंय. काका कुरकुरले, पण ब्रश खाली ठेवला. पाट्या तीन मेला लागणार आणि फुलं तोवर टिकतील, फार तर एखादा दिवस पुढे. तुझ्याकडची साकुरा फुलायला अजून वेळ आहे, तेव्हा तिचं निमित्त चालणार नाही. दोन तारखेला माझी सुट्टी आहे. दुपारच्या प्रत्येक गाडीला मी स्टेशनवर उभी असेन, आणि या वेळी मान खाली घालणार नाही.

तुझीच,
कायोताई