वयनी, उद्या माझे पाय तपासणार आहेत

प्रिय वयनी,

येत्या श्रावणात दोन वर्षं होतील तुला जाऊन. एवढ्या दिवसांत तुला चार ओळी लिहाव्यात असं कधी मनात आलं नाही, आणि आज दुपारची भांडी तशीच पाण्यात ठेवून कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहायला बसलेय. उद्या सकाळी मला मालवणला तपासणीला जायचंय. मला साखर निघालीय, वयनी. तुझाच आजार!

हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. ती तुला सांगायची आहे, कारण तुझ्याइतकं ते कुणाला कळणार?

गेल्या महिन्यात शाळेत तपासणीचं शिबिर होतं. आशाताई बोलवायला आली, म्हटलं फुकट आहे तर बघू या. तिथल्या नर्स पोरीने बोट टोचलं आणि ती यंत्राकडे बघतच राहिली. "काकी, सकाळी काय खाल्लंत?" मी म्हटलं, "घावन आणि चहा. का गो?" तिने दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. मग दवाखान्यात एकदा उपाशीपोटी आणि एकदा जेवणानंतर दोन तासांनी रक्त दिलं. दोन्ही वेळा जास्त! गोळी सुरू झाली. आठवडाभर काय काय खाल्लं ते लिहून आणा, डॉक्टरबाई म्हणाल्या. उद्या तीन महिन्यांची टेस्ट, आणि डोळे नि पाय बघणार.

डॉक्टरबाई कोण माहीत आहे? तुझीच, ती चष्मेवाली. माझं आडनाव वाचून तिने एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

तुला आठवतात तुझ्या 'परीक्षा'? रक्त द्यायच्या चार दिवस आधी तू फर्मान काढायचीस, "सुलभा, परीक्षा जवळ इली गो, भात बंद!" मग कुळथाची पिठी, अर्धी भाकरी, शेवग्याचा पाला. आधीचे म्हातारे डॉक्टर रिपोर्ट बघून खूश, गोळी तीच ठेवायचे. आणि तू घरी येऊन पिशवी खुंटीला लावायच्या आधीच, "पास झालंय! शिरवाळ्यांचो साचो काढ!" की तांदळाच्या शेवयांसारखे ते शिरवाळे आणि वर गुळाचा रस, दोन-दोन वाट्या. साचा काढणारी कोण? मीच ना! तुझं खुललेलं तोंड बघून मला वाटायचं, खाऊ दे बापडीला.

मग ही चष्मेवाली आली आणि तिने तीन महिन्यांची टेस्ट करायला लावली. सातच्या आत हवी, ती अकराच्या वर निघाली. ती समजावत होती, "काकी, साखर रक्तातल्या लाल पेशींना चिकटून राहते. तीन महिन्यांत काय झालं ते सगळं यात दिसतं. दोन दिवसांच्या पथ्याने हा आकडा हलत नाही." तू मला कोपराने ढोसलंस. "ह्यो तर चित्रगुप्त गो!" मी पदर तोंडाला लावून हसले. हसायची वेळ होती का ती?

इन्सुलिन घ्यावं लागेल म्हणाली तेव्हा मात्र तुझं हसू गेलं. "सुई सुरू झाली म्हणजे माणूस संपलो. माका नको." ती बिचारी सांगत राहिली, शरीर जे स्वतः बनवतं आणि तुमचं आता कमी पडतंय तेच बाहेरून द्यायचं, त्यात संपण्यासारखं काय आहे? मी तुझ्या बाजूला बसून होते. दहावी शिकलेली मी! एक शब्द तरी बोलले का? एसटीत तुलाच साथ दिली, "बघूया वयनी, घाई नको."

आणि त्याच दिवशीचं ते दुसरं. ते मी आजवर उच्चारलेलं नाही.

तिने तुला बाकावर झोपवलं. "डोळे मिटा. तळव्याला दोरा टेकला असं वाटलं की 'हो' म्हणा." मासे धरायच्या गरीला लावतात तसा बारीक नायलॉनचा दोरा. तू मला हळूच म्हणालीस, "खांद्यापाशी उभी रव." तुझ्या तळव्यांना कळेनासं झालंय, हे मला लगेच समजलं. ती खाली मान घालून दोरा टेकवी, मी तुझा खांदा दाबी, आणि तू म्हणायचीस, "हो." दहाच्या दहा वेळा हो! बाहेर आल्यावर तू टाळी मागितलीस. "पाय पण पास!" मी टाळी दिली.

वयनी, का उभं केलंस मला तिथे? आणि मी का दाबला खांदा? एकदा जरी हात मागे घेतला असता!

ती ओहोटीची सकाळ मला विसरता येत नाही. तू खाडीत कालवं काढून आलीस आणि मागीलदारच्या लादीवर एकेक लाल ठसा उमटत गेला. मी ओरडले, "वयनी, रगत!" तू म्हणालीस, "खंय?" "तुझ्या पायाक!" तू तळवा उलटा करून बघितलास, शिंपल्याने चांगलाच कापला होता, आणि म्हणालीस, "दुखणा नाय, म्हणजे कायेक नाय." हळद भरलीस आणि मासळी साफ करायला बसलीस. पंधरा दिवसांनी ताप. मग गोव्याला मोठ्या इस्पितळात नेलं. ज्या सुईला भ्यालीस, ती तिथे दिवसातून चार चार वेळा टोचली. आधी पायाचं बोट काढलं. मग पाय काढायचा म्हणाले, त्याच्या आदल्या दिवशी तू गेलीस.

आता माझं ऐक. गेल्या मंगळवारी देवळातून घरी येत होते. शेजारची फिलोमेनाबाय अंगणातून म्हणाली, "सुलभा, एक चप्पल खंय तुझी?" खाली बघितलं तर उजव्या पायात चप्पलच नाही! कधी निसटली ते माका कळूकच नाय. "तुटली," असं तिला सांगितलं. ती आत गेल्यावर मागे जाऊन शोधली, पार वळणावरच्या दगडी गडग्याकडे पडलेली होती. तिथून घरापर्यंत मी अनवाणी चाललेय, वयनी, आणि खडीसुद्धा लागली नाही!

आणि मी काय केलं असेल? परवापासून पिठी खातेय. खाण्याच्या कागदावर 'नाचणीची भाकरी, पालेभाजी' असं वळणदार अक्षरात लिहिलंय. रोज जेवणावर खाल्लेले दोन-दोन आंबे, बरक्या फणसाचे गरे, कुठे गेले ते? तुझं सगळं डोळ्यांनी बघूनही माझा हात तसाच चालला. आज देवापुढे बसले तर गाऱ्हाणं तोंडातून निघेना. काय मागू? माझं लपवणं पचू दे, असं?

इथवर लिहिलं आणि बसवेना. उठून पुढच्या अंगणात, खळ्यात गेले. हे वाळत घातलेली कोकमाची सोलं उलटी करत होते. साखर निघाल्यापासून तुझ्या भावजींचा एकच धोशा, "चार दीस पथ्य कर, रिपोर्ट बरो येतलो." मी म्हटलं, "माझ्या पायाक कळत नाय."

त्यांना आधी उमगलंच नाही. मग चपलेचं सांगितलं.

"कधीपासून?"

"महिनो झालो असात."

"आणि माका आता सांगतस?"

मला पायरीवर बसवलं आणि माझा पाय चक्क मांडीवर घेतला. मी ओढायला लागले, नवऱ्याने पायाला हात लावायचा म्हणजे काय! तर अंगावर आले, "गप रव!" चष्मा लावून टाच बघू लागले. बघता बघता थांबले. मला म्हणाले, "हलू नको." आतून सुई आणून काहीतरी उकरलं आणि तळहातावर धरून दाखवलं. करवंदीचा काटा. नखाएवढा. भोवती थोडं पिवळं झालेलं.

वयनी, मला काहीसुद्धा कळलं नव्हतं! किती दिवस तो घेऊन मी ओटा पुसत होते, प्रदक्षिणा घालत होते!

ह्यांनी पाय साबणाने धुतला, कोरडा केला, स्वच्छ फडकं बांधलं. हळद लावू दिली नाही. एवढंच म्हणाले, "पहिल्या गाडीन जाऊया. मी पण येतंय."

तर आता शब्द देते. खाण्याचा कागद फाडला, नवा लिहिलाय, आंबे-फणसासकट. उद्या डॉक्टरबाईंनी काही विचारायच्या आधी मी टाच पुढे करीन. तुझ्या तपासणीत मी काय केलं तेही तिला सांगीन, मग ती काय बोलायचं ते बोलो. गोळी वाढवली तर वाढवली, सुई म्हणाली तर सुई. आणि डोळे मिटा म्हणाली तर खरंच मिटीन. जिथे दोरा कळणार नाही, तिथे गप्प राहीन.

तुझी धाकटी जाऊ,
सुलभा