जमिनीवरून उठायची शिकवणी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा (वय वर्षं अठ्ठ्याहत्तर पूर्ण) साष्टांग नमस्कार. आजवरच्या प्रत्येक पत्रात मी हा शब्द खुर्चीत ऐसपैस बसून लिहीत आलो. या खेपेला मात्र अनुभवाने लिहितोय. अडीच महिन्यांपूर्वी मी स्वयंपाकघरात आठही अंगांनी जमिनीला टेकलो होतो आणि समोर नमस्कार स्वीकारायला फ्रिजखेरीज कुणी नव्हतं. घाबरू नकोस. हाड एकही मोडलं नाही, डोकं शाबूत आहे (तुझ्या मते जेवढं होतं तेवढं), आणि हे पत्र मी माझ्याच घरी, माझ्याच टेबलाशी, माझ्याच हातचा चहा पीत लिहितोय. तुझी तब्येत बरी असेल अशी आशा करतो. आता सगळं सविस्तर सांगतो, कारण फोनवर तू मला मधेच तोडतेस आणि पत्राला ते करता येत नाही.

तर झालं असं, की स्वयंपाकघरातला बल्ब गेला. एक्केचाळीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केलेला माणूस मी. चौदा मजल्यांच्या पोकळीत केबिनच्या टपावर उभा राहून मी डबा खाल्लेला आहे. मला बल्बची काय मातब्बरी? स्टूल घेतलं, चढलो, बल्ब बदलला. (बल्ब व्यवस्थित बसवला, ही गोष्ट पुढच्या सगळ्या गदारोळात एकानेही लक्षात घेतली नाही.) पंचाईत उतरताना झाली. एक पाय स्टुलावर, दुसरा जमीन शोधतोय, आणि गेली तीस वर्षं जिथे जमीन होती तिथे ती नाहीच! पुढचं तू समजून घे.

लागलं फारसं नाही. पण ताई, उठता येईना. हातांनी रेटलं तर गुडघे घसरायचे. ओट्याच्या खणाची मूठ धरून वर यायला गेलो तर अख्खा खण बाहेर आला आणि घरातले सगळे चमचे माझ्या अंगावर. सव्वादोन तास मी चमच्यांत पडून होतो. फोन टेबलावर. तो तीनदा वाजला, आणि थरथरत थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत आला. मी खालून त्याला 'ये, ये' म्हणत होतो, पण कडेशी येऊन तो थांबला. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना मी आयुष्यभर बाहेरून ओरडून सांगत आलो, "घाबरू नका, दारं ओढू नका, माणूस येतोय!" तेच स्वतःला सांगून पाहिलं. हे वाक्य ऐकणाऱ्याला किती संताप आणतं, ते मला निवृत्तीनंतर अठरा वर्षांनी कळलं.

मुलगी रोज अकराला फोन करते. तिसऱ्यांदा उचलला नाही तेव्हा ती ऑफिसातून तशीच निघाली आणि तिच्याकडच्या किल्लीने दार उघडून आत आली. वर बल्ब लख्ख, खाली मी. मी म्हटलं, "लागला बघ दिवा." ती खाली बसली, आधी हसली, मग रडली, आणि मग डॉक्टरांकडे पोचेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. (हा गुण तिच्यात तुझ्याकडून आलाय.)

डॉक्टरांनी सोडलं, पण मुलीने सोडलं नाही. तिच्या घरी माझ्यासाठी खोली तयार होती. जावईबापूंनी स्वतः रंग काढला होता, पडदे लावले होते, आणि पलंगाजवळ एक घंटीचं बटण बसवलं होतं. माणूस देवासारखा आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार शून्य. पण ताई, त्या घरात मी पाणी प्यायला उठलो की दोन माणसं उठायची. चहा मला हवासा वाटायच्या आधीच समोर यायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीने माझ्या शर्टाची बटणं लावली, आणि मी हात खाली सोडून निमूट उभा राहिलो. मला बरं वाटत होतं! तिथेच मी सावध झालो. म्हटलं, आणखी दोन महिन्यांत आपल्याला बटण म्हणजे काय ते आठवणार नाही.

मी घरी जातो म्हटलं. ती नाही म्हणाली. मी आवाज चढवला. तिने चढवला नाही, त्यामुळे मी हरत गेलो.

"बाबा, तुम्ही पुन्हा पडलात तर?"

"तर उठेन."

"मागच्या वेळी उठलात?"

जावईबापूंनी खिडकीबाहेर बघितलं. (देवासारखा माणूस आहे, हे मी वर लिहिलंच आहे.) घर विकायचा विषय कुणी काढला नाही, पण तो खोलीत आमच्याबरोबर बसला होता.

शेवटी डॉक्टरांनी तोडगा काढला. त्यांच्या आरोग्य केंद्रात एक बाई आहेत. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन, त्यांना तिथेच नीट राहता यावं म्हणून काय काय बदलायचं ते त्या सांगतात. त्यांच्या पदवीचं नाव लांबलचक आहे. मी त्यांना मोजमापबाई म्हणतो, कारण त्या आल्या त्या हातात मोजपट्टी घेऊनच. त्यांनी माझी खुर्ची मोजली, पलंग मोजला, संडासाच्या भांड्याची उंची मोजली, आणि मग माझा गुडघाही मोजला. मला वाटलं आता थेट तिरडीचं माप घेतील. मी चांगलाच फुरंगटून बसलो होतो. सगळं मोजून झाल्यावर त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, या घरात राहून तुम्हाला काय काय करायचंय?"

ताई, पडल्यापासून मला शंभर प्रश्न विचारले गेले होते. चक्कर येते का, दिसतं का, आज वार कोणता. हा मात्र कुणी विचारला नव्हता. मी तिरसटपणे म्हटलं, "मला माझ्या हाताने करून चहा प्यायचाय. सकाळी खाली उतरून बाकावर पेपर वाचायचाय. आणि माझी बटणं मला लावायचीत." मला वाटलं बाई हसतील. त्यांनी वहीत एकाखाली एक तिन्ही गोष्टी लिहिल्या आणि मुलीला म्हणाल्या, "मला आठ आठवडे द्या." मुलगी म्हणाली, "आठ आठवड्यांनी हे माझ्या डोळ्यांदेखत जमिनीवरून एकट्याने उठून दाखवतील, तरच." तोपर्यंत मी माझ्या घरी राहायचं आणि रोज संध्याकाळी ती येऊन बघून जाणार. झालं, करार ठरला.

पुढच्या आठवडाभरात घर बदललं. बाथरूममध्ये दांड्या लागल्या (मी स्वतः भिंतीत ड्रिल मारलं, मोजमापबाई फक्त चौकटीत उभ्या राहून श्वास रोखून बघत होत्या). सतरंज्या गेल्या. रोजची भांडी वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीला आली. खुर्चीच्या पायांखाली लाकडी ठोकळे आले, त्यामुळे मी आता बसल्या जागी न्यायाधीशासारखा दिसतो. गळ्यात एक बटण आलं. ते दाबलं की मुलीचा फोन वाजतो. त्याला मी कडाडून विरोध केला आणि दुसऱ्याच दिवशी कणीक मळताना ते पोटाने ओट्यावर दाबून तिला भर मीटिंगमधून उठवलं.

पण खरी मजा शिकवणीची. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, वाचनालयावरच्या हॉलमध्ये, जाड गाद्या अंथरून आम्हा सात जणांना पडायला आणि उठायला शिकवतात. सगळ्यांची वयं मिळून साडेपाचशेच्या वर. माझ्या शेजारच्या गादीवर एक निवृत्त मुख्याध्यापिका असतात, वय ब्याऐंशी. त्या गादीवर आडव्या पडूनही हजेरी घेतल्यासारख्या बघतात. पहिल्याच दिवशी मी झटका देऊन सरळ उठायला गेलो आणि उताणा झालो, तर त्या छताकडे बघत म्हणाल्या, "पायऱ्या गाळू नका. पायऱ्या गाळल्या की गणित चुकतं." आणि ते खरंच आहे गं. आधी पडल्या जागी थांबायचं, श्वास घ्यायचा, कुठे दुखतंय ते बघायचं. मग कुशीवर वळायचं. मग कोपर, मग दोन्ही तळहात, मग गुडघ्यांवर. रांगत खुर्चीपर्यंत जायचं. खुर्चीवर हात, एक पाऊल पुढे, रेटा, आणि वळून बसायचं. वाचायला दोन ओळी आहेत, मला साडेपाच आठवडे लागले. रांगताना पहिल्यांदा इतकी लाज वाटली की विचारू नकोस. मुख्याध्यापिकाबाई माझ्या पुढून रांगत निघून गेल्या तेव्हा ती लाज गेली आणि तिच्या जागी ईर्ष्या आली. ईर्ष्येने फायदा झाला.

आठव्या आठवड्यात परीक्षा. जागा माझंच स्वयंपाकघर, वेळ दुपारी चार. परीक्षक मुलगी, जावईबापू आणि मोजमापबाई. मी बेताने खाली बसलो, आडवा झालो. हॉलमध्ये गादी असते, इथे फरशी. त्यात तीच जागा. छताकडे बघितल्याबरोबर ते सव्वादोन तास अंगावर आले आणि पहिली पायरीच आठवेना. कुशीवर वळलो, कोपर टेकलं, कोपर सटकलं आणि धप्पकन परत उताणा.

मुलगी पुढे आली. मोजमापबाई म्हणाल्या, "थांबा." ती थांबली. मी मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि मला तिचा चेहरा जमिनीवरून दिसला. ताई, तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते, एका हाताने दुसऱ्याला आवरावं तसे. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मी इतके दिवस समजत होतो की परीक्षा माझी आहे. त्या दिवशी दार उघडून मला चमच्यांत पडलेला बघणं कसं असेल, याचा मी दोन महिन्यांत एकदाही विचार केला नव्हता. मी तिला म्हटलं, "घाई नाही गं, मी श्वास घेतोय." ती म्हणाली, "घ्या बाबा. मी आहे इथे."

मग मात्र पायऱ्या आठवल्या. कूस, कोपर, तळहात, गुडघे. रांगत खुर्चीशी गेलो. एक पाऊल पुढे ठेवलं तेव्हा जावईबापूंनी उतावीळपणे टाळ्या वाजवल्या आणि मी दचकून पुन्हा गुडघ्यावर आलो. (देवमाणूस आहे, पण अवेळी.) दुसऱ्या रेट्याला उठलो, वळलो, बसलो. चार मिनिटं दहा सेकंद. मोजमापबाईंनी घड्याळ बघून वहीत लिहिलं. मुलगी जवळ आली. माझ्या शर्टाचं वरचं बटण या झटापटीत उघडलं होतं. तिचा हात तिकडे गेला, आणि मधेच थांबला. मग मीच म्हटलं, "लाव, आजच्या दिवस." तिने लावलं.

तेव्हापासून माझं इथलं राहणं पक्कं झालं. पेपर बाकावर वाचतो. मुलगी अकराला फोन करते आणि मी तो पहिल्या घंटीला उचलतो, ती माझ्या बाजूची फी. एक किल्ली मुख्याध्यापिकाबाईंकडे असते आणि त्यांची माझ्याकडे. माझ्या या स्वावलंबनाला मुलगी, जावई, डॉक्टर, मोजमापबाई आणि मुख्याध्यापिका एवढी माणसं लागतात, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. त्या सगळ्यांचे मी तोंडावर आभार मानले नाहीत, कारण मला ते जमत नाही. म्हणून इथे तुझ्याकडे मानतोय. तू ते कुणाला तरी सांगशीलच.

इथे सगळे खुशाल. कागदही संपत आला, तेव्हा थांबतो. मोठ्यांना आशीर्वाद द्यायचा नसतो, पण प्रकृतीला जप एवढं धाकट्यालाही सांगता येतं.

तुझाच,
धाकटा

ता. क. : आता मुद्द्याचं. तू मागच्या महिन्यात मोरीत पडलीस. तुला उचलणाऱ्या समोरच्या शिंपीणबाईंनी मला फोन केला होता. त्यांच्यावर चिडू नकोस, ब्लाउजं बिघडतील. दंडावरचा काळानिळा डाग कपाटाचं दार लागून झाला असं तू तुझ्या मुलाला सांगितलंस आणि पन्नास मिनिटं तू खाली होतीस हे कुणालाच सांगितलं नाहीस. मी सोमवारी येतोय. मोजमापबाईंनी तुमच्या गावातल्या त्यांच्या सहकारी बाईंचा पत्ता दिला आहे. त्या बुधवारी सकाळी दहाला तुझ्याकडे येतील. तुला न विचारता ठरवलंय, कारण विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे. त्यांनी तुला काय काय करायचंय असं विचारलं की मात्र खरं सांग.

ता. क. दुसरा : मुलीला वाटतंय की तू मला बोलावलं आहेस. तिने फोन केला तर तसंच सांग. एका आठवड्यासाठी, असंही सांग.

ता. क. तिसरा : खरं म्हणजे वरचं सगळं वाचून तुला वाटेल की मी तुला शिकवायला येतोय. तसं नाही. शिकवणी संपली, ताई. उठता येतं, चहा करता येतो, सगळं येतं. पण चहा झाल्यावर साखर जास्त पडली म्हणून बोलणारं कुणी नसतं. आठवड्याचे दोन झाले तर चालतील का, तेवढं बघ. आणि सोमवारी बेल वाजली की धावत येऊ नकोस. आधी उठून नीट उभी राहा, भिंत धर, सावकाश ये. मी बाहेर उभा आहे.