दावण

दादा, तुमची बाज काल पुरी केली. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हा घाई केली असं तरी कुणी म्हणणार नाही.

महाळुंग्याच्या घरी पडवीत तुम्ही मला पहिल्यांदा विणायला बसवलंत, तो दिवस आठवतो. सुंभानं बोटं सोलली आहेत आणि मी दर चार वेढ्यांनी मान वर करून किती उरलं ते बघते आहे. "बाज बघू नगं," तुम्ही खेकसता. "हातातला वेढा बघ. त्यो घट बसला का? मंग पुढला." यावर झोपणार तरी कोण, असं मी वैतागून विचारलं, तर म्हणालात, "त्ये इणणाऱ्यानं इचारायचं न्हाई." माझं अर्धवट स्वेटर, सोडलेला शिवणाचा क्लास, सगळं पाहुण्यांना सांगायचात. "आमची लेक लई आरंभशूर!" मला ते फार लागायचं, कारण खरं होतं.

शेवटची बाज तुम्हीच मांडलीत, स्वतःसाठी. दवाखान्यानं तुम्हाला घरी पाठवलं, गादीवर पाठ टेकेना. निम्म्यात तुमचे हात थांबले, पुढची वीण मी संपवली. उरली फक्त दावण, वीण लाकडी चौकटीला ताणून धरणारा पायथ्याचा दोर. तो ओढेपर्यंत बाज म्हणजे नुसती झोळी. अर्ध्या तासाचं काम होतं. पण आत्या म्हणाली, "बाजंवर जीव जायला नगं. भुईवरच ऱ्हाऊ द्या त्येला." मला निमित्तच मिळालं. आता दोन दिवसांसाठी कशाला, असं मनात आलं, दादा. ते दोन दिवस नऊ झाले. तुम्ही भुईवर कण्हत होतात आणि बाज भिंतीपलीकडे पडवीत उभी होती.

"दावण वढली का?" तुम्ही विचारलंत. मी हो म्हणाले. जरा वेळानं तुम्ही म्हणालात, "मंग चौकट कुरकुरली कशी न्हाई?" आणि भिंतीकडे तोंड केलंत. रागावला असतात तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

काल चौकटीला पाय लावून दोर ओढला. एकेक फेरा, घट्ट. चौकट कुरकुरली, पार चुलीपर्यंत ऐकू आली. झोपणार कोण, हे या वेळी विचारलं नाही.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून कबूल करते. तुम्ही विचारलंत तेव्हा मला दुसरं काही काम नव्हतं. तुमच्या उशाशी रिकामीच बसले होते.