रुग्णालयाच्या छताचे शेवटचे बिल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, छतांची गळती थांबवणाऱ्या आमच्या फर्मची भागीदार आणि तिचे हिशेब सांभाळणारी, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. थोरल्या मुलाने तसा प्रयत्न केला होता, त्याचे काय झाले ते त्यालाच विचारावे. डॉक्टरांनी सांगितलेले मला नीट समजले आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते केले तेव्हा यजमान होते आणि धाकटा मुलगाही होता, म्हणून आता हे नव्याने लिहावे लागते आहे.

कलम पहिले. राहते घर आणि फर्ममधला माझा वाटा थोरल्याला. मागची खोली धाकट्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या धाकटीला, हवी असेल तोवर तिच्याकडे राहील, आणि ती कधी सोडणार हे तिला कोणी विचारू नये. थोरली सून शहाणी आहे, ती विचारणार नाही. थोरल्याच्या जिभेला मात्र हाड नाही, म्हणून लिहून ठेवते.

कलम दुसरे. थाप्या, रोलर, डांबर तापवायचे बर्नर आणि टेम्पो फर्मच्या जुन्या मिस्त्रींना. यजमान दर वर्षी त्यांना "पुढच्या वर्षी पगाराचं बघू" म्हणायचे आणि ते बिचारे मान हलवायचे. म्हणून बँकेतील मुदत ठेवीचा निम्मा भागही त्यांचा. उरलेला नातीच्या शिक्षणासाठी. यजमानांच्या चुलतभावाला आमची लांब शिडी द्यावी. त्यांनी ती नेली तेव्हा धडधाकट होती, परत आली तेव्हा एक पायरी गायब. "वहिनी, ती आधीपासूनच अशी होती," म्हणाले. आता तशीच घेऊन जावी.

कलम तिसरे. फर्मच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा ताबा आणि पासवर्ड धाकटीकडे. ती कोणत्याही घरात राहो, हिशेब तिथून करता येतात, आणि त्याचा पगार थोरल्याने वेळेवर द्यावा. त्याने स्वतः सॉफ्टवेअरला हात लावू नये. कारण सांगते. आमच्या धंद्यात इमारतीचा मालक प्रत्येक बिलातले दहा टक्के मागे ठेवतो. काम झाल्यावर ठरलेले पावसाळे छत गळले नाही, तरच ते सोडतो. याला रिटेन्शन म्हणतात. ते आपणहून येत नाही, वेगळे बिल करून मागावे लागते. थोरल्याने एकदा असे बिल नवे काम म्हणून चढवले. मूळ बिलात ती रक्कम आधीच धरलेली होती, त्यामुळे एकच कमाई दोनदा दिसली. त्या वर्षी आम्ही कागदावर श्रीमंत झालो आणि कर भरताना सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

धाकट्याने आठवडाभर बसून ते निस्तरले, रिटेन्शनचे खाते वेगळे काढले आणि मला शेजारी बसवून शिकवले. "आई, हे पैसे कमावून झालेत, फक्त हातात यायचेत. दादाला सांग, पुन्हा कमवू नकोस." थोरल्याने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि दोघे भाऊ किती तरी वेळ हसत राहिले. तसे हसणे या घरात नंतर ऐकले नाही.

कलम चौथे, आणि यासाठीच वकिलांना बोलावले. रुग्णालयाच्या छताचे काम धाकट्याने एकट्याच्या जबाबदारीवर घेतले होते. त्यातला नफा त्याचा, असे आमचे आधीच ठरले होते. छताखालीच तान्ह्या बाळांचा वॉर्ड. बाळे झोपली की हा ठोकाठोकी बंद ठेवायला लावायचा, मिस्त्री वैतागायचे. काम पुरे झाले आणि थोड्याच दिवसांत तो गेला. दुपारी जेवायला घरी आला, हात धुऊन खुर्चीत बसला, आणि धाकटी ताट घेऊन येईपर्यंत सगळे संपले होते.

पावसाळे गेले. छत गळले नाही. रुग्णालयाच्या इंजिनिअरचा फोन आला, "बाई, तुमचं रिटेन्शनचं बिल कुठंय? पैसे पडून आहेत." मी पाठवते म्हटले आणि पाठवले नाही. सॉफ्टवेअरमध्ये चालू कामांची यादी असते, प्रत्येक कामापुढे ते सांभाळणाऱ्याचे नाव. रिटेन्शन मिळाले की काम बंद होते आणि यादीतून जाते. धाकट्याचे नाव आता रुग्णालयाच्या त्या एकाच ओळीत उरले होते. सकाळी संगणक लावला की ते दिसायचे, मग मी चहा घ्यायचे. धाकटी शेजारी बसून नोंदी करायची. तिनेही त्या ओळीचा विषय कधी काढला नाही.

शेवटी इंजिनिअरने कळवले की मुदत संपत आली, नंतर पैसे विसरा. थोरला म्हणाला, "त्यातून कामासाठी नवा पंप घेऊ."

"ते धाकटीचे आहेत."

"आई, ती काय इथे राहणारेय? उद्या लग्न करून जाईल, आणि आपले पैसे दुसऱ्याच्या घरात!"

"जाईल म्हणूनच द्यायचे. राहणार असती तर पंपच घेतला असता."

दोन दिवस तो घुश्शात होता. त्याला वाटले, मला काही माहीत नाही. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एका गृहस्थांचा फोन आला की धाकटी गॅलरीत जाते आणि दार लोटून घेते. गृहस्थ सज्जन आहेत. त्यांचे छत बघायच्या निमित्ताने मी मिस्त्रींना पाठवून चौकशी करून घेतली आहे.

मग मी धाकटीला म्हटले, "बस, ते बिल करून टाकू."

"आई, पैसे आले की ही ओळ जाईल ना?"

"जाईल."

"मग राहू दे. मला नकोत."

"त्याचे कष्ट आहेत. रुग्णालयाला का सोडायचे?"

तिने बिल केले, कुठेही चूक नाही. पैसे आले, ते मी तिच्या खात्यात घातले. हे माझ्या हयातीतले देणे आहे, कोणाही वारसाने त्यावर हक्क सांगू नये. दुसऱ्या सकाळी यादी उघडली तर ओळ नव्हती. आम्ही दोघी धाय मोकलून रडलो. थोरली सून हातातले टाकून धावत आली.

डोळे पुसून झाल्यावर धाकटी म्हणाली, "आई, तुम्ही म्हणाल तर मी कुठेही जाणार नाही."

मी म्हटले, "खुशाल जा. माझं काय अडतंय?"

कलम पाचवे व शेवटचे. हे माझ्या हयातीत धाकटीच्या कानावर जाऊ नये, ही वकिलांची जबाबदारी. माझे अडते. ती दिसली नाही तर मला सकाळी उठावेसे वाटणार नाही. मला ती जायला नको आहे. तोंडाने म्हटले असते तर ती थांबली असती.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली.
तारीख: वकिलांनी शिक्क्याखाली घातली आहे ती.
सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार: १. शेजारच्या शिंपीणबाई (सही). २. घरचे डॉक्टर (सही).
बाईंनी हे वाचून, समजून आम्हा दोघांसमक्ष सही केली. त्या वेळी धाकट्या सूनबाई घरात नव्हत्या. बाईंनी त्यांना साडी घ्यायला बाजारात पाठवले होते, लग्नाची.