बाबांसाठी जागा बघताना

लाडक्या लेकी,

तू म्हणालीस तसे बाबांसाठी वृद्धाश्रम बघून आले. बाबांनाही बरोबर नेलं होतं.

पहिल्या ठिकाणी फरशी अगदी आरशासारखी. पण तिथले व्यवस्थापक सगळं मलाच विचारत होते. "आजोबा जेवतात का? त्रास देतात का?" बाबा म्हणाले, "आजोबा इथेच बसलेत, त्यांना विचारा." आम्ही उठलोच.

दुसरीकडे भिंतींचा रंग उडालेला आणि नुसता कलकलाट. पण नर्स येऊन बाबांशेजारी बसली. त्यांनी जन्मभर शिवणकाम केलंय हे कळल्यावर म्हणाली, "मग माझा हा खिसा बघा की!" बाबांनी उसवलेला खिसा उलटा केला.

"कुठल्या गाढवाने शिवलाय?"

"मीच!"

दोघंही पोट धरून हसली. किती महिन्यांनी हसले गं ते!

निघताना माझ्याकडे बोट दाखवून ते तिच्या कानात कुजबुजले, पण मला ऐकू आलं. "त्या बाईंनाही ठेवून घ्या. सकाळपासून माझं सगळं बघतायत. एकट्याच दिसतात बिचाऱ्या."

हे वाचून तू रडशील, म्हणून पत्र टाकणार नाही. फोनवर एवढंच सांगेन, की दोघांची खोली घेतली.

खरं सांगू? मी लाजले गं. या वयात मला पुन्हा मागणी आली!

तुझी,
आई