ताकद कुठे जात होती

आई, तू गेलीस तेव्हा मी चौथीत होते. आता मुंबईत एका प्रयोगशाळेत नोकरी करते. तिथे जे पाहिलं ते तुलाच सांगावंसं वाटलं.

गावी, कडावच्या गोठ्यात आपली म्हैस गाभडली, दिवस भरायच्या आधीच तिनं रेडकू टाकलं आणि वार आत अडकली, तो दिवस मला नीट आठवतो. आत्या दारातूनच म्हणते, "तुजा हात बारीक हाय गं, तूच काढ." तू पदर खोचतेस, कोपरापर्यंत तेल लावतेस आणि हात घालतेस. म्हैस वाचली. पुढे तुला ताप यायला लागला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घाम येऊन उतरायचा, पण पुरता कधी गेलाच नाही. भाताच्या लावणीत तू बांधावर टेकलीस की आत्या विचारायची, "बसलीस काय गं? बाळंतीण हायस?" तू म्हणालीस, "टाकलं म्हशीनं वन्सं, बाळंतपण माजं चाललंय." सगळ्या हसल्या. अंगचोर हे नाव मात्र तुला चिकटलं, ते तू गेल्यावरही सुटलं नाही. परवा एका लग्नात आत्या माझ्या मुलीला म्हणाली, "आजीवर गेलीस, कामाला नको."

गुरं गाभडवणारा एक जंतू आम्ही पेशींमध्ये वाढवतो. गाभडलेल्या जनावराची वार हाताळली की तो माणसालाही लागतो, आणि असाच चढता-उतरता ताप महिनोन्महिने राहतो. तो पेशीच्या आतच एका पिशवीत घर करून राहतो. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशीला ताकद पुरवणारे कण, पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात, त्या पिशवीला बाहेरून लगटून बसलेले दिसतात. पेशी खपून ताकद तयार करते आणि हा जंतू ती बसल्या जागी वापरतो, असा अंदाज आहे. तो त्या कणांना ओढून घेतो की ते आपणहून जातात, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले, "बाई, फोटो निघाले, आता दुसरं काम घ्या." मी म्हटलं, "सर, मला हेच पुढे करायचंय." एरवी मी असं बोलत नाही. ते म्हणाले, "करा, पण सुट्टीच्या दिवशी." मी रविवारी जाते. उत्तर मिळेपर्यंत जाणार आहे.

हे पत्र टपालात पडायचं नाही, तेव्हा एक कबूल करते. तुझं रक्त कधी कुणी तपासलं नाही. तुला हाच जंतू लागला होता, हे मला कधीच दाखवता येणार नाही. तरी त्या लग्नात मी आत्याला चारचौघांत सांगितलं, "आई अंगचोर नव्हती, आजारी होती," आणि ते अशा आवाजात सांगितलं, जसा काही तपासणीचा कागद माझ्या पर्समध्येच होता.